एका रुमालांतील दोन पोथ्या : संगीत व वैद्यक यांच्या एकत्र संशोधनाविषयीं

१. जुन्या घराण्यांतील दफ्तरें पाहण्याचा ज्यांस सराव आहे त्यांस ही गोष्ट नवी वाटणार नाहीं कीं, रुमाल सोडला असतां त्यांत एकाच विषयाचे कागद क्वचितच निघतात. पंचांगाचीं सुटीं पानें, देण्याघेण्याच्या यादी, एखादें स्तोत्र, काढ्यांचीं व चूर्णांचीं टिपणें, आणि त्यांच्याच शेजारीं पदांचें बाड किंवा रागांचीं नांवें लिहिलेला एखादा चिटोरा, असा हा संसार एकत्र नांदत असतो. यादी करणारा मनुष्य मात्र बसल्याबरोबर त्याची वांटणी करूं लागतो. वैद्यकाचा ढीग निराळा, संगीताचा निराळा, ज्योतिषाचा निराळा. सोईच्या दृष्टीनें हें ठीकच आहे. परंतु ह्या सोईपायीं केव्हां केव्हां मोठी हानि होते. ती कशी होते हें दुसऱ्या कोणाच्या उदाहरणानें सांगण्यापेक्षां आमच्याच चुकीनें सांगणें बरें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका खासगी संग्रहाची यादी करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. त्यांत आठ पत्रें अशीं निघालीं कीं, त्यांत गर्भाची मासानुमासिक वाढ, धातु, अस्थि व संधि यांची गणना, नाड्या व चक्रें, असा मजकूर होता. आरंभ नाहीं, पुष्पिका नाहीं. आम्हीं नोंद केली : ‘वैद्यक, शारीर, अपूर्ण, कर्ता अज्ञात.’ त्याच रुमालांत श्रुति व स्वर यांविषयीं कांहीं पत्रें होतीं. त्यांची नोंद निराळ्या क्रमांकाखालीं ‘संगीत, अपूर्ण’ अशी केली, आणि काम संपविलें. पुढें कांहीं वर्षांनीं आनंदाश्रमाची संगीतरत्नाकराची प्रत सावकाश वाचीत असतां पहिल्याच अध्यायांत तीच गर्भाची वाढ, तीच अस्थिगणना, तींच चक्रें समोर आलीं. जुनी टिपणवही काढून पाहिली. वैद्यकाच्या ढिगांत टाकलेलीं पत्रें ३ ते १०. संगीताच्या ढिगांतील पत्रें ११ पासून पुढें. दोहोंची लांबी-रुंदी एक, पृष्ठावरील ओळींची संख्या एक. आणि हे सर्व आंकडे आमच्याच हातचे! तोंपर्यंत त्या घरांत वांटणी होऊन दोन्ही ढीग दोन दिशांस गेले होते. वैद्यकाचीं म्हणून ठेवलेलीं पत्रें आज आहेत. संगीताचीं कोठें गेलीं तें त्या घरांत कोणासही सांगतां येत नाहीं.

त्या दिवशीं आमच्या शेजारीं एखादा संगीताचा अभ्यासी बसला असता तर त्यानें पत्रें पाहतांच ग्रंथ ओळखला असता. एखादा व्युत्पन्न वैद्य असता तर तो म्हणाला असता कीं, अस्थिगणना आमची खरी, पण चक्रांचें हें प्रकरण सुश्रुताच्या शारीरस्थानांतलें नव्हे. तेव्हां ग्रंथ दुसरा कोणता तरी असला पाहिजे. आम्ही एकटे होतों, व व्याकरणाच्या बळावर सर्व विषय आपणांस कळतात अशी आमची समजूत होती. संगीत व आरोग्य ह्या दोन विषयांच्या संधीवर ज्यांस काम करावयाचें आहे त्यांनीं मंडळी जमविल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें ह्या लेखाचें प्रतिपाद्य आहे. अशी मंडळी पूर्वीं कोठें जमली, त्यांतून काय निष्पन्न झालें, आणि ती कां मोडली, हें क्रमानें पाहूं.

२. प्रथम शार्ङ्गदेवच घेऊं, कारण तो आमच्या देवगिरीचा. त्याचा आजा भास्कर हा काश्मीरांतून दक्षिणेस आला; बाप सोढल यादवांच्या पदरीं राहिला; आणि स्वतः शार्ङ्गदेव सिंघण यादवाच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य, होता. ग्रंथारंभीं तो आपल्याविषयीं जें सांगतो त्याचा आशय असा कीं, धनानें विप्रांची पीडा, विद्येनें जिज्ञासूंचें अज्ञान, व रसायनांनीं रोग्यांचें दुःख दूर करून मग आपण हा ग्रंथ करावयास बसलों. म्हणजे जमाखर्च, औषधयोजना व गायनशास्त्र हीं तिन्ही एकाच मनुष्याच्या ठायीं होतीं.

त्याच्या सप्ताध्यायी ग्रंथाच्या पहिल्या, म्हणजे स्वरगताध्यायाच्या, दुसऱ्या प्रकरणास पिंडोत्पत्तिप्रकरण म्हणतात. गायनाच्या ग्रंथांत गर्भशारीर कशास, असा प्रश्न पुष्कळांनीं केला आहे व कित्येक वाचक हें प्रकरण ओलांडून पुढें जातात. परंतु शार्ङ्गदेवाची विचारपरंपरा सरळ आहे. गीत नादाधीन, नाद देहांत उत्पन्न होतो, म्हणून देह कसा झाला तें आधीं सांगितलें पाहिजे. बोलण्याची इच्छा झालेला आत्मा मनास प्रेरितो, मन देहस्थ अग्नीस आघात करितें, अग्नि वायूस चालना देतो, आणि तो वायु वर चढत नाभि, हृदय, कंठ, मूर्धा व मुख ह्या पांच स्थानीं क्रमानें अतिसूक्ष्म, सूक्ष्म, पुष्ट, अपुष्ट व कृत्रिम असा नाद करितो. व्यवहारांत हृदयांत मंद्र, कंठांत मध्य, मूर्ध्नि तार. हृदयांतील ऊर्ध्वनाडीस तिरप्या लागलेल्या २२ नाड्या, म्हणून श्रुति २२; कंठांत व मस्तकांत तशाच २२. येथें वैद्याची भाषा, योग्याची भाषा व गवयाची भाषा एकत्र झाली आहे, आणि ह्या तिहींपैकीं एकच भाषा जाणणाऱ्यास हें प्रकरण अर्धेंच कळतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ह्या २२ नाड्या शवच्छेदांत सांपडत नाहींत. आवाज कंठांतील स्वरयंत्राच्या दोन पडद्यांच्या कंपानें होतो, हें आतां निर्विवाद आहे. परंतु तेवढ्यावरून शार्ङ्गदेवास अडाणी ठरविण्याचें कारण नाहीं. कारण लगेच पुढें तो नाड्यांच्या भरंवशावर न राहतां प्रत्यक्ष प्रमाण देतो. दोन सारख्या वीणा घ्याव्या, प्रत्येकीस २२ तारा लावाव्या, एक ध्रुव ठेवावी, दुसरी क्रमाक्रमानें उतरवीत जावी, आणि कानानें ताडून पाहावें. हें सांगणारा मनुष्य परीक्षेचें महत्त्व जाणणारा होता. नाड्यांची संख्या श्रुतींच्या संख्येवरून आली असावी, श्रुतींची नाड्यांवरून नव्हे, असा आमचा तर्क आहे. त्याचा निर्णय शारीर जाणणाऱ्या वैद्यानें व वीणा जाणणाऱ्या वादकानें मिळून करावा.

ग्रंथाच्या प्रसिद्धीची कथाही ह्याच दृष्टीनें बोधप्रद आहे. कल्लिनाथाच्या कलानिधि टीकेसह हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ सालीं मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून शोधवून छापिला. सिंहभूपालाची सुधाकर टीका जोडून अड्यार ग्रंथालयाची आवृत्ति १९४३ पासून निघूं लागली. ह्या दोन आवृत्तींमुळें गायनाच्या अभ्यासकांची मोठी सोय झाली. परंतु वैद्यकाच्या ग्रंथालयांत हा ग्रंथ क्वचितच ठेविलेला असतो. आणि आयुर्वेदाचा अभ्यासी पिंडोत्पत्तीचे पाठभेद चरक-सुश्रुतांशीं लावून पाहण्यास आपण होऊन येत नाहीं. सुश्रुत अस्थि ३०० मानतो, चरक ३६०. अशा ठिकाणीं एखाद्या प्रतीचा लेखक कोणत्या संप्रदायाकडे झुकला आहे हें त्याच्या पाठावरून कळूं शकतें, आणि तें वैद्याच्या ध्यानांत आधीं येतें.

३. गायक व वैद्य एकमेकांच्या उपयोगीं कसे पडतात ह्याचें अर्वाचीन काळांतील सर्वांत स्वच्छ उदाहरण युरोपांतील आहे. मान्युएल गार्सिया हा स्पेनी घराण्यांतील गायनशिक्षक. शिष्यांच्या गळ्यांत आवाज कोठें व कसा होतो हें प्रत्यक्ष पाहावें हा त्याचा ध्यास होता. १८५४ सालीं त्यानें दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा घशांत धरून व दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश टाकून स्वतःच्याच कंठांतील पडदे हालतांना पाहिले, आणि पुढील वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मानवी आवाजाविषयीं निबंध सादर केला. तो वैद्य नव्हता. रोगाचा विचारही त्याच्या मनांत नव्हता. परंतु व्हिएन्नाचा ट्यूर्क व त्याच्या मागोमाग चेर्माक ह्या दोघां डॉक्टरांनीं १८५७-५८ च्या सुमारास तो आरसा हातीं घेतला, सूर्याच्या जागीं दिव्याचा प्रकाश योजिला, आणि त्यांतून कंठरोगचिकित्सेची एक स्वतंत्र शाखाच उदयास आली. १९०५ सालीं गार्सियाच्या वयास १०० वर्षें झालीं तेव्हां लंडनमध्यें कंठरोगाच्या डॉक्टरांनीं त्याचा जाहीर सत्कार केला. गवयाचा प्रश्न, दंतवैद्याचें साधन, व कंठवैद्याचा उपयोग : तिघांपैकीं एक जरी नसता तरी हें कार्य अडलें असतें.

४. आमच्याकडे ह्या दोन विद्यांचें सख्य आजचें नव्हे. चरकाच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या अध्यायांत वमन-विरेचनादि उपचारांसाठीं आतुरालय कसें सिद्ध ठेवावें हें सांगितलें आहे. वारा मोकळा पण झोताचा नाहीं अशी जागा, पाणी, उखळ, स्नानगृह, स्वयंपाकघर, कुशल परिचारक, हें सर्व सांगून झाल्यावर गाणारे, वाजविणारे, श्लोक-गाथा म्हणणारे, आख्यायिका सांगणारे, आणि इतिहास-पुराणांत निपुण असे लोकही जवळ असावे असें म्हटलें आहे. रोग्याच्या उशाशीं गवयाच्या बरोबरीनें इतिहासज्ञासही चरकानें स्थान दिलें आहे, हें आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें! मात्र ह्या वचनाचा अर्थ फुगवूं नये. अमुक रागानें अमुक ज्वर जातो असें चरक येथें म्हणत नाहीं. रोग्याच्या मनास विरंगुळा व धीर मिळावा अशा परिवाराची ही योजना आहे.

ह्याच योजनेचें मोठ्या प्रमाणावरील रूप मराठ्यांच्या तंजावरास पाहावयास मिळतें. तुळजाजी उर्फ तुक्कोजी राजे (राज्यकाल १७२८-३६) यांच्या नांवावर संगीतसारामृत हा ग्रंथ आहे व धन्वंतरिविलास हा वैद्यकग्रंथही आहे. ग्रंथ राजानें स्वतः लिहिले कीं पदरच्या पंडितांकडून लिहविले हा वाद बाजूस ठेविला तरी, एकाच दरबारांत दोन्ही विषयांचे जाणते बसत होते एवढें त्यावरून निश्चित होतें. पुढें सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८-१८३२) यांनीं सरस्वती महाल ग्रंथसंग्रह वाढविला, पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेविला, आणि धन्वंतरि महाल नांवाची संस्था चालविली. तेथें आयुर्वेद, सिद्ध, युनानी व इंग्रजी अशा चारही पद्धतींचे वैद्य काम करीत. अनुभवास आलेले योग पुढें तामिळ पद्यांत बांधण्यांत आले, व ते शरभेंद्र वैद्य मुरैगळ् ह्या नांवानें सरस्वती महालाच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाले आहेत. नेत्ररोग्यांची टिपणें तर विशेष पाहण्यासारखीं आहेत; रोग्याची हकीकत, उपचार, व डोळ्याचें रंगीत चित्र, अशी त्यांची मांडणी आहे. चेन्नई येथील नेत्रवैद्यांनीं अलीकडे त्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे.

तंजावरच्या संस्कृत ग्रंथांची बर्नेलची यादी १८८० सालीं छापून झाली, पी. पी. एस्. शास्त्री यांची सविस्तर सूची १९२८ ते १९३४ ह्या काळांत १९ भागांत निघाली. परंतु तेथील मोडी कागदांचें काम आजही पुष्कळ उरलें आहे. त्याची अडचण विचित्र आहे. औषधींचीं तामिळ नांवें मोडींत लिहिलेलीं. तामिळ वैद्यास मोडी येत नाहीं, आणि पुण्याच्या मोडीवाचकास ती वनस्पति ओळखतां येत नाहीं. दोघे एका बैठकींत बसल्यावांचून एक ओळही खात्रीनें लागत नाहीं. जें औषधींचें तेंच वाद्यांच्या व नाट्याच्या संज्ञांचें.

५. त्याच तंजावरास, राज्य खालसा होऊन अर्धशतक लोटल्यानंतर, एका वैद्यानें संगीतसंशोधनाची मंडळी उभी केली. अब्राहम पंडितर् (१८५९-१९१९) हे मूळचे तिरुनेलवेली प्रांताकडील. पेशानें आधीं शिक्षक. सिद्धवैद्यकाचा अभ्यास करून त्यांनीं तंजावरास औषधींचा व्यवसाय मांडला, वनस्पतींचा मोठा मळा केला, व त्यांतून द्रव्य मिळविलें. तें द्रव्य त्यांनीं संगीतशास्त्राच्या शोधांत खर्च केलें. १९१२ सालीं त्यांनीं संगीत विद्या महाजन संघम् स्थापन केला, आणि पुढील चार-पांच वर्षांत स्वखर्चानें अनेक परिषदा भरविल्या. त्यांत गायक, वीणावादक, नागस्वरवादक, शास्त्री व इंग्रजी शिकलेले हौशी विद्वान एकत्र बसत. प्रश्न मुख्यतः श्रुतींचा. जुन्या तामिळ ग्रंथांच्या आधारें पंडितर् सप्तकाचे २४ सम भाग मानीत. शार्ङ्गदेवाची २२ ही संख्या त्यांस मान्य नव्हती.

इकडे महाराष्ट्रांतही ह्याच सुमारास तीच चर्चा रंगली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनीं १९१० सालीं २२ श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, व सिव्हिल सर्व्हिसांतील न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साह्यानें साताऱ्यास एक संगीतमंडळ काढलें. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे वकिलीचे पदवीधर. त्यांनीं १९०४ सालीं दक्षिणेचा प्रवास केला व हस्तलिखितांच्या नकला मिळविल्या. ह्या सर्वांना एकत्र बसण्याचा योग सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयानें १९१६ च्या मार्चांत बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत आला. अब्राहम पंडितर् तेथें आपल्या मुलींसह गेले; मुलींनीं श्रुति प्रत्यक्ष दाखविल्या, व पित्यानें उपपत्ति सांगितली. त्यांचें मत सर्वांस पटलें नाहीं. श्रुतींचा निकालही त्या परिषदेंत लागला नाहीं. परंतु हिशेब, न्याय, वकिली व वैद्यकी ह्या धंद्यांतील माणसें गवयांसमोर बसून, आपापलीं गणितें तारेवर सिद्ध करून दाखवावीं ह्या अटीनें वाद घालतात, हा प्रकारच पूर्वीं फारसा घडलेला नव्हता. पुढें मद्रासेस १९२७ च्या काँग्रेसच्या वेळीं भरलेल्या संगीत परिषदेंतून म्युझिक अकॅडमी निघाली, आणि तिनेंच १९४२ सालीं तुळजाजीचें संगीतसारामृत छापून काढलें.

ह्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंडितरांचा करुणामृतसागरम् हा प्रचंड तामिळ ग्रंथ १९१७ सालीं निघाला. दोनच वर्षांनीं ते वारले. संघाचा सर्व भार एका पुरुषाच्या थैलीवर होता. तो पुरुष गेल्यावर परिषदा थांबल्या, आणि ग्रंथाचा दुसरा भाग उजेडांत यावयास १९४६ साल उजाडलें. राजाश्रयाचेंही तेंच. सरफोजी राजे वारले व धन्वंतरि महालाचें तेज ओसरलें. ज्या मंडळाचा नियम, वही व वर्गणी हीं ठरलेलीं नाहींत, त्याचें आयुष्य त्याच्या संस्थापकाच्या आयुष्याएवढेंच असतें.

६. आतां वर्तमानाकडे वळूं. संगीताचा रोग्यावर काय परिणाम होतो हा विषय आज पाश्चात्य वैद्यकांत गंभीरपणें अभ्यासिला जात आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास संगीत ऐकविल्यानें त्याची धास्ती कमी होते कीं काय, ह्याविषयींच्या २६ प्रयोगांचा (रोगी २,०५१) एकत्र आढावा कॉक्रेन ह्या संस्थेच्या वतीनें २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. धास्ती कांहीं अंशीं कमी होते असा त्याचा निष्कर्ष होता. पण संगीत ऐकतों आहों हें रोग्यापासून लपवितां येत नसल्यामुळें निष्कर्ष जपून घ्यावा, असेंही त्यांत बजाविलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयानें २०१९ सालीं सर्व कला व आरोग्य यांविषयींच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा परामर्श घेतला. त्याच सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं संगीत व आरोग्य यांच्या संशोधनासाठीं पांच वर्षांकरितां २ कोटि डॉलर मंजूर केले, व त्यांत मेंदूचे वैद्य, संगीतोपचारक व कलावंत यांनीं जोडीनें काम करावें हा हेतु स्पष्ट ठेविला.

असें असतां आमच्याकडून ह्या कार्यास काय मिळतें? बहुधा मोठीं विधानें. रागचिकित्सा नांवाचा प्राचीन ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महालांत आहे व त्यांत रोगवार राग सांगितले आहेत, हें विधान वर्तमानपत्रांतून व व्याख्यानांतून वारंवार केलें जातें. तें करणारे जे लेख आमच्या पाहण्यांत आले त्यांपैकीं एकाही लेखांत हस्तलिखिताचा क्रमांक, पत्रसंख्या, लिपि वा पुष्पिका दिलेली नाहीं. एका लेखकानें दुसऱ्याचा हवाला द्यावा व दुसऱ्यानें तिसऱ्याचा, एवढीच ती परंपरा. ज्यांनीं सनदेवरील शिक्का पाहिल्यावांचून कधीं सनद मानिली नाहीं, अशा आमच्या वाचकांनीं ह्या ठिकाणींही तोच नियम लावावा. क्रमांक सांगावा, पत्र दाखवावें, मग बोलावें. कारण येथील चूक केवळ इतिहासाची चूक राहत नाहीं. प्राचीन ग्रंथाच्या नांवावर विश्वासून एखादा मधुमेही औषध सोडून राग ऐकत बसला, तर आमच्या अप्रमाण वाक्याचा दंड त्याच्या शरीरास भोगावा लागतो.

खऱ्या आधारांची आमच्याकडे उणीव नाहीं. चरकाचें आतुरालय, शार्ङ्गदेवाचें पिंडप्रकरण, तंजावरचीं रोगटिपणें, हे सर्व आधार छापील व तपासतां येण्याजोगे आहेत. ते नम्र आहेत म्हणूनच टिकाऊ आहेत.

७. शेवटीं, अशी मंडळी आपल्या गांवीं जमवावयाची झाल्यास काय करावें, ह्याविषयीं अनुभवानें सुचलेल्या चार गोष्टी मांडतों.

पहिली : रुमाल मोडूं नये. विषयवार यादी खुशाल करावी. पण कोणतीं पत्रें कोणत्या पत्रांशेजारीं सांपडलीं ह्याची नोंद आधीं करावी. पत्रांक, मापें व ओळींची संख्या लिहून थांबूं नये. ते आंकडे शेजारच्या नोंदीशीं ताडून पाहावे. आम्हीं लिहिले, पण ताडले नाहींत.

दुसरी : संगीत वा वैद्यकाच्या कोणत्याही अपूर्ण पोथीवर चौघांची नजर पडल्यावांचून ‘कर्ता अज्ञात’ असें लिहूं नये. एक लिपि जाणणारा, एक शास्त्री, एक वैद्य, एक गाणारा वा वाजविणारा. हे चौघे मोठे विद्वान असण्याची जरूर नाहीं. तालुक्याच्या गांवांतही ते मिळतात. महिन्यांतून एक दुपार, एक पोथी, व एक वही, एवढ्यावर आरंभ होतो.

तिसरी : वहींत मतभेद जसाचा तसा उतरावा, व फसलेला तर्कही लिहून ठेवावा. २२ कीं २४ हा वाद बडोद्यास मिटला नाहीं म्हणून ती परिषद व्यर्थ ठरली नाहीं. वादाचीं दोन्ही टोकें छापून राहिलीं म्हणून पुढील पिढीस ती उपयोगी पडली. तसेंच, घरगुती औषधयोगांचें टिपण ज्या घरांतून आलें त्या घरचें नांव त्यांच्या संमतीनेंच नमूद करावें. आणि कोणताही योग तपासल्यावांचून लोकांस घेण्यास सांगूं नये. पोथीवाचक हा वैद्य नव्हे.

चौथी : वही एकाच्या घरीं राहूं नये. तिची नक्कल ग्रंथालयांत असावी, वर्गणी अल्प पण नियमित असावी, व मंडळाचें नांव व्यक्तीचें नसावें. तंजावरच्या दोन्ही उदाहरणांनीं हेंच शिकविलें आहे. २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनानें हस्तलिखितांच्या नोंदींचें काम देशभर हातीं घेतलें. तथापि घरोघरचा रुमाल उघडण्यास शेजारचाच मनुष्य लागतो, हें काम दूरच्या कचेरीस होण्यासारखें नाहीं.

आमच्या जवळील टिपणवहींत ‘वैद्यक, शारीर, अपूर्ण, कर्ता अज्ञात’ ही ओळ आम्हीं खोडली नाहीं. तिच्याखालीं ‘संगीतरत्नाकर, स्वरगताध्याय, पिंडोत्पत्तिप्रकरण, पत्रें ३-१०, पुढील भाग पत्र ११ पासून, अन्यत्र’ अशी दुसरी ओळ लिहिली आहे. कोणा वाचकाच्या संग्रहीं अकराव्या पत्रापासून आरंभ होणारी, श्रुतिस्वरांची, मालक वा कर्ता माहीत नसलेली पोथी असेल, तर त्यांनीं तिची लांबी-रुंदी व ओळींची संख्या ह्या त्रैमासिकाच्या संपादकांकडे कळवावी. आमची प्रत घेऊन आम्ही येऊं. येतांना एक वैद्य व एक वीणा वाजविणारा बरोबर आणूं. इत्यलम्.